पुढची ओळ आण

मस्कारेन्हास सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं
कर्सर
आणि त्यावर काट मारली, खडू मोडेपर्यंत.
"भात शिजला का बघायला
घरी प्रत्येक शीत चेपता का?"
मी नाही म्हणाले.
अकरा वर्षं नाहीच म्हणत आले.

ठेवीदारांची आठ लाख खाती,
व्याज लावायचं तर एक वाक्य, एक दम.
हर्षलनं तिथे ओळीमागून ओळ फिरवली
तेव्हा मीच त्याला शीत आणि भात ऐकवलं.
रात्री दहाला सुरू झालेलं त्याचं काम
सकाळी शाखा उघडल्या तरी
कदमांच्या दारात घुटमळत होतं.

आज बॅलार्ड इस्टेटच्या चौथ्या मजल्यावर
एसीच्या वाऱ्यात शाल पांघरून बसलेय.
बँकेत विलीन झालेल्या पतपेढ्यांचे त्रेचाळीस डेटाबेस,
प्रत्येकाचे इंडेक्स विस्कटलेले,
प्रत्येकाची खोड वेगळी.
गेल्या महिन्यात सगळे एकदम बांधायला घेतले
तर डिस्कला धाप लागली,
लॉग फुगून भिंतीला टेकला
आणि मुलुंडच्या एटीएमपुढे एका बाईंना
पैसे मिळाले नाहीत,
पावती मिळाली.

एका दमात नाही हे होत.
दमानं होतं.

बाबा पाणीखात्यात चावीवाले होते, भांडुपला.
खांद्यावर लोखंडी चावी, त्यांच्या छातीला लागेल एवढी,
पहाटे साडेतीनला निघायचे.
मी विचारलं होतं, सगळे व्हॉल्व्ह एकदम का नाही उघडत?
लवकर घरी याल.
चहा बशीत ओतत म्हणाले,
"मग टेकडीवरच्या नळाला नुसती हवा येते.
फुसफुसतो.
आणि बाई हंडा घेऊन उभी."

त्यांच्या डायरीत गल्ल्या ओळीनं, निळ्या पेन्सिलीत:
टेंभीपाडा, चौदा फेरे.
शाळेमागची, अकरा, सावकाश.
टाकीची गल्ली, अडकलाय, चौकीवर कळवलं.
अडकलेल्यापाशी ते ताटकळले नाहीत.
लिहिलं आणि पुढच्या गल्लीत गेले.

मीही तसंच लिहिते.
यादी आधी गोठवून घेते,
मधेच कुणी नवा घुसायला नको.
फक्त पुढे जाणारी, मागे वळून न बघणारी.
नाव उचल.
ह्याचे इंडेक्स बांध.
लॉग ओसरेपर्यंत थांब.
पुढची ओळ आण.

सत्ताविसावा, चिपळूणचा, हटून बसला.
चूक टिपली. अठ्ठाविसावा.

हर्षल मागे येऊन उभा.
"मॅडम, तुम्हीच म्हणता ना, नको?"
व्याज एकदम वाटायचं, म्हटलं. पाणी ओळीनं.
त्याला पाण्याचं कळलं नाही.
मीही सांगत बसले नाही,
एकतिसाव्याचा लॉग अजून उतरत होता.

पावणेपाचला त्रेचाळिसावा झाला.
पुढची ओळ आण.
नाही.

शेवटच्या दोन ओळी सगळेच विसरतात:
कर्सर बंद कर.
जागा सोड.

बाबा एकदा तापात होते,
एक व्हॉल्व्ह उघडाच राहिला.
सकाळभर उतारावरून पाणी वाहत होतं,
पोरं रिक्षा धूत होती, हसत होती.
साहेब काही बोलले नाहीत.
बाबा तीन दिवस जेवताना बोलले नाहीत.

निवृत्तीला सात वर्षं झाली.
अजून झोपायच्या आधी
मोरीतला, ओट्यावरचा, गॅलरीतला,
प्रत्येक नळ
हातानं पिळून बघतात.